बशीखालचा निकाल

१

शनिवारी संध्याकाळी पाचला दहा कमी असले की सर आपली खुर्ची सरकवत. खुर्ची जिथे असे तिथूनही टीव्ही नीट दिसत असे. तरी ती दोन बोटं पुढे, एक बोट मागे असं झाल्याशिवाय त्यांना बसल्यासारखं वाटत नसे.

"झाली का कवायत?" बाई स्वयंपाकघरातून विचारत. "चहा गाळू?"

सर म्हणजे निवृत्त प्राध्यापक. छत्तीस वर्षं त्यांनी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं आणि रस्ता ओलांडताना मात्र कायम दुसऱ्या कुणाच्या तरी मागून ओलांडला. बाई म्हणजे त्यांची बायको. नकाशाच्या कचेरीत त्या नकाशांवर गावांची, नद्यांची नावं लिहायच्या. तिथली मंडळी त्यांना बाई म्हणत, आणि हळूहळू सगळेच म्हणायला लागले.

पाच वाजता कुस्ती लागे. आखाड्यातली मातीतली नव्हे. दिव्यांची, धुराची, कानठळ्या बसवणाऱ्या गाण्यांची, दोरीवरून उड्या मारणाऱ्या पैलवानांची. हा नाद बाईंचा. सर सुरुवातीला वर्तमानपत्र आडवं धरून बसत. "अगं, सगळं आधी ठरलेलं असतं. कुणी तरी कागदावर लिहितं आणि हे पडतात."

"मग काय झालं? पडतात तर खरे ना? हाडं तर त्यांचीच आहेत."

पुढे वर्तमानपत्र खाली आलं आणि सरांना त्या ठरलेपणाचंच वेड लागलं. त्यांनी नियम काढले. पैलवान ज्या गावचा, त्या गावात तो हरणार. एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या दोघांची त्याच दिवशी जोडी लावणार. आखाड्यात केक आणला की कुणाचं तरी तोंड त्यात जाणार. सही करायला टेबल मांडलं की ते मोडणार. महिन्याच्या मोठ्या सामन्याआधीच्या शनिवारी जो आपटला जाईल, तोच मोठ्या सामन्यात जिंकणार. असे एकेचाळीस नियम, वहीत, क्रमाने.

बाईंनी पैलवानांना नावं ठेवली होती. विजेतेपदाचा पट्टा बाळगणारा, येताना तोंड फुगवून येणारा आणि सगळ्यांनी उभं राहावं अशी अपेक्षा करणारा तो जावईबापू. कुणाचंही भांडण रंगात आलं की मधेच हजर होणारा तो पोस्टमन.

भांडण झालं ते एकाच गोष्टीवरून. सर निकाल आधीच बोलून टाकत. एकदा बाईंनी टीव्ही बंद केला आणि दोन दिवस फक्त कामापुरतं बोलल्या. तेव्हा तह ठरला. शेवटच्या सामन्याआधी सरांनी आपला अंदाज चिठ्ठीवर लिहायचा. घरात आलेखाचा कागद रगड पडला होता; त्याच्या पट्ट्या कापून ठेवलेल्या होत्या. शाईच्या पेनाने लिहायचं, घडी न घालता पट्टी उलटी करून बाईंच्या बशीखाली सरकवायची. सामना संपला की बाईंनी कप उचलायचा, बशी उचलायची आणि मोठ्याने वाचायचं.

अकरा वर्षं हे चाललं होतं. चिठ्ठी बरोबर निघाली की बाई म्हणत, "हुशार आहे हो आमचं माणूस," आणि सरांचा रविवार चांगला जाई.

२

त्या आठवड्यात बुधवारी बाईंच्या हृदयाची एक झडप बदलावी लागेल असं कळलं होतं. जिना चढताना लागणारी धाप वयाची नव्हती. शनिवारी त्याबद्दल कुणी बोलत नव्हतं. पोस्टमन आपल्या स्वतःच्या शहरात जावईबापूशी लढणार होता. सरांनी फार विचार न करता लिहिलं: "जावईबापू. पोस्टमन घरी हरेल." नियम पहिला. लिहिताना त्यांना एवढा कंटाळा आला की 'हरेल'चा ल त्यांनी उगाच लांबवला.

आणि पोस्टमन जिंकला. पहिल्या रांगेत बसलेल्या आपल्या आईवडिलांसमोर, सरळ, कुणाची मदत न घेता. निवेदकाचा आवाज चिरकला. बाईंनी टाळ्या वाजवल्या. बशी उचलली, चष्मा नाकावर खाली घेतला आणि वाचलं, "पोस्टमन. आईच्या समोर." मग त्यांनी सरांकडे पाहिलं. "अहो! हे कसं ओळखलंत? हे तर तुमच्या वहीच्या बाहेरचं आहे."

सरांनी हात पुढे केला. अक्षर त्यांचंच होतं. प चा पोटाशी फुगलेला गोल, उभ्या रेघेला शेवटी लागलेला काटा. शाई त्यांचीच. लांबवलेला ल कुठेच नव्हता.

"सुचलं," ते म्हणाले.

त्या संध्याकाळी त्यांनी स्वतःशी बराच वाद घातला. माणूस त्र्याऐंशी वर्षांचा झाला की लिहिलं एक आणि आठवलं एक असं होतंच. मागेही एकदोनदा त्यांना असं वाटलं होतं, आणि पट्टीवरचं अक्षर पाहून त्यांनी स्वतःच्याच डोक्याला दोष दिला होता. कांदा पोखरल्यासारखा माणूस आतून पोकळ होत जातो आणि वरची सालं शाबूत राहतात, असं त्यांचे वडील जाताना झालं होतं. हे त्यांनी बाईंना सांगितलं नाही. बाईंच्या झडपेपुढे त्यांचं डोकं म्हणजे अगदीच किरकोळ तक्रार होती.

३

पुढच्या शनिवारी त्यांनी दोन पट्ट्यांमध्ये कार्बन पेपर ठेवला आणि बॉलपेनाने दाबून लिहिलं.

"आज शाई नाही का?" बाईंनी विचारलं.

"वाळली."

"तुमची की पेनाची?"

वरची पट्टी बशीखाली गेली, खालची सदऱ्याच्या खिशात. तिच्यावर निळसर उमटलं होतं: "जावईबापू. पंच धडपडल्यावर." सामना झाला. पंच धडपडला नाही. दोघं दोरीबाहेर एकमेकांच्या गळ्यात गळा घालून कोसळले आणि निकालच लागला नाही. बाईंनी वाचलं, "बरोबरी. दोघं बाहेर."

सर न्हाणीघरात गेले, कडी लावली आणि खिशातली पट्टी काढली. जावईबापू. पंच धडपडल्यावर. बाहेर येऊन टेबलावरची पट्टी पाहिली. बरोबरी. बॉलपेनाने, दाबून, त्यांच्याच अक्षरात.

मग त्यांना जे वाटलं त्याची त्यांना पुढे लाज वाटली. त्यांना आनंद झाला. म्हणजे डोकं शाबूत होतं! पट्टी बदलली जात होती, आणि घरात माणसं दोनच. शिवाय त्यातलं एक माणूस असं, की नकाशाची नवी आवृत्ती काढताना पंचवीस वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाच्या अक्षरात नवी गावं घालायचं आणि साहेबाला कुठलं जुनं, कुठलं नवं ते कळायचं नाही. बाईच करत होत्या. का करत होत्या, हा प्रश्न त्यांनी आठवडाभर जिभेखाली गोळीसारखा ठेवला.

त्याच आठवड्यात दोघं सर्जनबाईंकडे गेले. सर्जनबाई तरुण होत्या, बोलायला मोकळ्या. ऑपरेशनला तीन आठवड्यांनंतरचा मंगळवार ठरला.

"शेकडा किती?" सरांनी विचारलं.

"म्हणजे?"

"यशाचं प्रमाण हो. या वयाला."

"चौऱ्याण्णव म्हणा."

"बघा," बाई म्हणाल्या, "आयुष्यात कधी पहिला वर्ग मिळाला नव्हता मला."

सर हसले नाहीत. छत्तीस वर्षं त्यांनी मुलांना सांगितलं होतं की शेकड्यातले सहा ही एक संख्या आहे, तिला चेहरा नसतो. संमतीपत्रावर बाई सही करत होत्या तेव्हा ते खिडकीतून बाहेर उभ्या असलेल्या गाड्या मोजत होते.

४

आणखी दोन शनिवार गेले. दोन्ही वेळा खिशात एक, बशीखाली एक. दोन्ही वेळा बशीखालचं खरं. सरांनी नजर हलवली नाही. बाईंचा हात बशीजवळ गेलेला त्यांनी शेवटपर्यंत पाहिला नाही. हात चलाख असेल, ते स्वतःला म्हणाले. दुसऱ्या शनिवारी मात्र त्यांनी खिशातल्या तिन्ही कार्बनप्रती टेबलावर पत्त्यांसारख्या मांडल्या. पोस्टमन जिंकला त्या शनिवारची प्रत नव्हतीच, म्हणून ती त्यांनी आठवणीने लिहून काढली होती आणि शेजारी ठेवली.

"पकडलं," ते म्हणाले.

बाईंनी पट्ट्या पाहिल्या. मग त्या इतक्या हसल्या की त्यांना धाप लागली, आणि सरांना त्यांच्या पाठीवरून हात फिरवावा लागला.

"पकडायला दोन वर्षं लागली तुम्हाला. आणि म्हणे प्राध्यापक."

"दोन वर्षं?"

"तो कॉलेजचा समारंभ झाला ना, तुम्ही भाषणात अडकलात आणि मधेच खाली बसलात? त्यानंतर तुमचं एकही बरोबर येईना. सगळा रविवार तोंड पाडून बसायचात. जेवताना ताटात काय आहे ते दिसायचं नाही. मग मी दोन-तीन चिठ्ठ्या आधीच लिहून चष्म्याच्या घरात ठेवायला लागले. कोण जिंकतंय बघायचं आणि बशी उचलताना बदलायची. अहो, कुस्तीपेक्षा त्यातच जास्त मजा यायची."

"आणि मला कळलं नाही?"

"तुमचा तुमच्या अक्षरावर स्वतःपेक्षा जास्त विश्वास. अक्षर दिसलं की तुम्ही आपलं डोकं खोटं पाडायचात."

दोन वर्षं दर शनिवारी ही बाई त्यांच्यासाठी त्यांच्याच अक्षरात खोटं लिहीत होती. मेलेल्या लेखनिकाच्या अक्षरात गाव घालावं तसं. त्यांनी बाईंचा हात हातात घेतला.

"आता नको," ते म्हणाले. "मी हरलो तरी चालेल. पण गेले चार शनिवार तू कमाल केलीस. ते 'आईच्या समोर' कधी लिहिलंस? आईवडील येणार हे तुला आधी कसं कळलं?"

बाईंच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी राहिलं, नुसतं विझलं.

"मी नाही लिहिलं."

"अगं, आता कबूल केलंस की."

"ते आधीचं. तीन महिने झाले, मी हात लावलेला नाही. कुठून लावणार?" त्यांनी सरांच्या हातातून आपला हात सोडवून घेतला, पेन उचललं आणि एका पट्टीवर 'पोस्टमन' लिहिलं. वेळ लागला. अक्षरं मुंग्यांनी ओढत नेल्यासारखी वाकडी, थरथरती आली. "संमतीपत्रावरची सही बघितली नाहीत का? डॉक्टरीणबाईंनी दोनदा करायला लावली."

सरांनी ती पाहिली नव्हती. ते गाड्या मोजत होते.

"मला वाटलं, तुमचं परत जमायला लागलं," बाई हळूच म्हणाल्या. "तीन महिन्यांत एकदाही चुकली नाही चिठ्ठी. मी मनात म्हटलं, चला, आता माझी गरज नाही."

टीव्हीवर जाहिरात लागली होती. सरांनी उठून आवाज कमी केला, आणि आवाज कमी झाल्यावर टेबलावरच्या पाच पट्ट्यांकडे दोघांनीही पाहिलं नाही.

५

ऑपरेशनच्या आधीचा शनिवार. लेक दुसऱ्या गावाहून निघाली होती. सात वाजेपर्यंत पोचते म्हणाली होती. हॉस्पिटलची पिशवी दाराशी भरून ठेवलेली.

"आज चिठ्ठी नको," सर म्हणाले.

"का? नियम म्हणजे नियम."

"उगाच."

"तुम्ही नाही लिहिलीत तर मी लिहीन, आणि माझं अक्षर तुम्हाला वाचवणार नाही."

त्यांनी पट्टी आणि शाईचं पेन घेतलं. बाई दुसऱ्या बाजूला कपात साखर ढवळत होत्या. आखाड्यात जावईबापू तोंड फुगवून येत होता, आणि हजारो माणसं त्याची हुर्यो उडवत होती. सरांच्या मनात एक विचार आला आणि तो आल्याबरोबर त्यांना कळलं की तो आठवडाभर आतच होता. बशीखालची चिठ्ठी चुकत नाही. मग कुस्तीबद्दलच लिहायला पाहिजे असं कुठे आहे?

मूर्खपणा, त्यांनी स्वतःला बजावलं. विद्यार्थ्याने असं काही पेपरात लिहिलं असतं तर त्यांनी लाल रेघ मारली असती. आणि त्यांनी लिहिलं, एकाच ओळीत, चौकोन मोजून: "मंगळवारी सुखरूप." पट्टी उलटी केली, बशीखाली सरकवली आणि बशीच्या काठावर तळहात ठेवला.

"चहा पिऊ देणार आहात की नाही?" बाई म्हणाल्या.

"पी की. कप उचल फक्त."

सामना सुरू झाला. सर पाहत नव्हते. त्यांना नुसता ऐकू येत होता. फळ्यांवर देह आपटण्याचा तो आवाज, त्यानंतर लोकांचा श्वास. पंच मोजायला लागला; तीनपर्यंत खांदे टेकलेले राहिले की हार. एक, दोन, आणि कुणी तरी खांदा उचलला. पुन्हा एक, दोन. हाही नियम होता, एकोणिसावा: मोठ्या सामन्यात दोनवर तीनदा तरी खांदा उचलला जातोच. तळहाताखाली बशी कोमट होती. मग त्यांना वाटलं की बशी किंचित हलली. रस्त्यावरून मोठी गाडी गेल्यावर हलते तशी नव्हे. खालून कुणी तरी अगदी बारीक अक्षरात लिहीत असावं तशी. सरकन, थांबून, सरकन. त्यांनी तळहात आणखी दाबला. ते थांबलं नाही. त्यांनी बाईंकडे पाहिलं. बाईंचे दोन्ही हात कपाभोवती होते, आणि त्या बशीकडेच पाहत होत्या.

"सोडा," त्या म्हणाल्या.

"सामना संपला नाही अजून."

"सोडा हो. किती दाबाल?"

त्यांनी हात उचलला. बाईंनी बशी बाजूला केली आणि पट्टी उलटी करून, आपल्याकडे धरून, वाचली. सरांना एवढंच दिसलं की आलेखाचा कागद पलीकडून निळा दिसत होता. वरपासून खालपर्यंत. त्यांनी एक ओळ लिहिली होती.

बाईंनी बराच वेळ वाचलं. पैलवानाचं नाव वाचायला एवढा वेळ लागत नाही. एका ठिकाणी त्या थांबल्या, पुन्हा वर गेल्या आणि पुन्हा खाली आल्या, पत्ता शोधताना नकाशावर बोट फिरवावं तसं. त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. कुणी तरी खूप दिवसांनी नीट, सविस्तर पत्र लिहिलं असावं असा तो चेहरा होता.

"काय आहे?" सरांनी विचारलं.

"जावईबापू," बाई म्हणाल्या. "जावईबापू जिंकणार."

आणि त्यांनी पट्टीची घडी घातली, आणखी एक घातली, आणि ती उरलेल्या चहात बुडवली. चमच्याने खाली दाबून धरली. शाई हळूहळू सुटली आणि चहाचा रंग काळपट झाला.

पडद्यावर पंचाने तिसऱ्यांदा हात आपटला. एक, दोन, तीन. घंटा वाजली. लोक किंचाळले. पोस्टमनने पट्टा डोक्यावर धरला होता, आणि जावईबापू जमिनीवर पालथा पडलेला होता.

सर पडद्याकडे पाहत राहिले. बशीखालची चिठ्ठी चुकली नव्हती, एकदाही नाही. मग बाईंनी जे वाचून दाखवलं ते चिठ्ठीत नव्हतं.

"अगं," ते म्हणाले.

बाईंनी कप लांब सरकवला. घड्याळाकडे पाहिलं. सात वाजायला वीस मिनिटं होती.

"पट्ट्या आहेत ना अजून? घ्या. आणि पेन घ्या."

"कशाला?"

"साखर वरच्या फळीवर, डावीकडून दुसरा डबा. त्याच्या शेजारचा मिठाचा, दोन्ही सारखे दिसतात, म्हणून साखरेच्या झाकणाला मी दोरा बांधलाय. लिहा."

"हे आत्ता कशाला? मंगळवारी तर..."

"लिहा हो. लेक आली की ती लिहू देणार नाही, रडत बसेल. गॅसची उजवीकडची कळ आधी दाबायची, मग फिरवायची. नुसती फिरवलीत तर पेटत नाही, आणि तुम्ही तिला शिव्या देत बसाल. लिहिलं?"

सरांनी लिहिलं.

"विजेचं बिल टेबलाच्या मधल्या खणात. तुमच्या रक्तदाबाच्या गोळ्या सकाळच्या पांढऱ्या, संध्याकाळच्या पिवळ्या; उलट घेऊ नका, मागे घेतल्या होत्यात आणि दिवसभर झोपला होतात. सदऱ्याची बटणं बिस्किटांच्या डब्यात. बिस्किटं नाहीत त्यात, उघडून निराश होऊ नका. मानेवर केस आले की कापायला जायचं, कुणी सांगायची वाट बघायची नाही."

"हळू सांग."

"हळूच सांगतेय. तुम्ही आयुष्यभर पटपट लिहिलंत, म्हणून मुलांना कळलं नाही कधी. रात्री झोपताना मागची खिडकी लावा, पण पूर्ण नको. आणि शनिवारी कुस्ती लावायची. एकटं बसायचं नाही, लेकीला फोन लावून ठेवायचा, ती तिकडे बघेल. तिला आवडत नाही, पण बघेल. लिहिलं ते वाचून दाखवा."

सरांनी पट्टी उचलली. आधी त्यांनी डोळे मिटले. मग उघडले. डावीकडून दुसरा डबा. झाकणाला दोरा. आधी दाबायची, मग फिरवायची. पांढऱ्या सकाळी. एक अक्षरही इकडचं तिकडे झालेलं नव्हतं. जसं त्यांनी लिहिलं होतं तसंच, चौकोनांबाहेर गेलेलं. ते त्यांनी सगळं वाचून दाखवलं, शेवटच्या ओळीपर्यंत, आणि बाई प्रत्येक ओळीला मान हलवत होत्या.

खाली जिन्यात पावलं वाजली. दाराची घंटा वाजली. लेकीचा आवाज आला, "बाबा! उघडा, हातात सामान आहे."

"अजून निम्मं राहिलंय," बाई म्हणाल्या.

घंटा पुन्हा वाजली.

"येतो गं, दोन मिनिटं!" सर दाराकडे तोंड करून ओरडले आणि त्यांनी नवी पट्टी पुढे ओढली. "हं. सांग."